वाट दाखवणाऱ्याचा धर्म
(नाशिकच्या गोदातीरावरील पदयात्रेच्या निमित्ताने)

तीर्थयात्रा पायी करावी, असे आपले पूर्वज सांगत आले. वाहनातून उतरावे, रांगेत उभे राहावे, दर्शन घ्यावे आणि परतीची वाट धरावी, एवढ्याने देवाचे दर्शन घडते. क्षेत्राचे दर्शन मात्र राहून जाते. क्षेत्र म्हणजे केवळ गाभारा नव्हे. घाटाची झिजलेली पायरी, वाड्याची चौकट, भांड्यांच्या पेठेतील तांब्या-पितळेची झळाळी आणि वळण घेऊन वाहणारे नदीचे पात्र, हे सारे मिळून क्षेत्र होते. ते पायांनीच कळते. म्हणूनच अलीकडे नाशिकसारख्या क्षेत्री जाणकार व्यक्तीसोबत सकाळच्या वेळी दोन-तीन तास चालत फिरण्याची प्रथा रुजत आहे, ही आनंदाची गोष्ट होय.

ही प्रथा नावाने नवी असली, तरी आशयाने जुनीच आहे. पूर्वी क्षेत्रोपाध्याय हेच काम करीत. यजमानाला घाटावर नेणे, कोणत्या ठिकाणाचे काय माहात्म्य ते सांगणे आणि नामावळीत त्याच्या घराण्याची नोंद करणे, हे त्यांचे कर्तव्य. आता त्या जागी कधी इतिहासाचे अभ्यासक असतात, कधी पर्यटनाचे मार्गदर्शक. माणूस बदलला, तरी एक प्रश्न कायम राहतो. परगावाहून श्रद्धेने आलेल्या माणसाला वाट दाखवणाऱ्याने काय सांगावे आणि काय टाळावे? हा प्रश्न वरवर सोयीचा वाटतो. वस्तुतः तो धर्माचा आहे.

प्रथम आपण ती वाट मनाने चालून पाहू.

गोदावरीच्या उजव्या तीरावर, पूर्वी व्हिक्टोरिया पूल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अहिल्यादेवी होळकर पुलालगत सुंदरनारायणाचे देऊळ आहे. १७५६ मध्ये गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी ते बांधले. तेथून पूल ओलांडला की आपण पंचवटीत येतो. समोर रामकुंड. त्र्यंबकेश्वराजवळील ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी येथे दक्षिणेकडे वळते. प्रभू रामचंद्रांनी पिता दशरथांचे श्राद्ध येथेच केले, अशी श्रद्धा आहे. त्यामुळे अस्थिविसर्जनासाठी देशभरातून कुटुंबे येथे येतात. कुंडासमोरच्या पायऱ्या चढल्या की कपालेश्वर. तेथून थोडे चालले की काळाराम मंदिर आणि त्याच्या परिसरात सीतागुंफा. परत नदीकडे उतरावे, तर पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती भेटतो. पुराचे पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले की कमरेला, यावरून नाशिककर पिढ्यान्‌पिढ्या पुराची उंची मोजत आले आहेत. थोडे खाली नारोशंकराचे देऊळ आहे. सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ मध्ये बांधलेल्या या रामेश्वर मंदिरावरील प्रचंड घंटा १७३९ च्या वसई विजयाचे स्मारक मानली जाते. पुढे रामसेतू पुलावरून पुन्हा उजव्या तीरावर यावे आणि भांडीबाजार व सरकारवाडा पाहून चालणे संपवावे.

अंतर थोडे आहे. परंतु त्या थोड्या अंतरात वाट दाखवणाऱ्याच्या सत्यनिष्ठेची पुरेपूर परीक्षा होते.

श्रद्धा आणि नोंद

पहिली परीक्षा श्रद्धा आणि इतिहास यांच्या सीमेवर होते. लक्ष्मणाने शूर्पणखेची नासिका येथे छेदली म्हणून गावाचे नाव नाशिक पडले, असे परंपरा सांगते. दुसरीकडे, जवळच्या त्रिरश्मी डोंगरावरील सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखांत ‘नासिक’ हे नाव कोरलेले आढळते. त्याच लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. वस्तुतः ती बौद्ध भिक्खूंच्या निवासासाठी आणि उपासनेसाठी कोरलेली आहेत. सातवाहन आणि क्षत्रप राजकुलांनी त्यांना दिलेल्या दानांचे लेख तेथे आजही वाचता येतात.

अशा वेळी वाट दाखवणारे दोन प्रकारे चुकतात. काही जण कथा हीच तारखेसह घडलेली घटना म्हणून सांगतात. काही जण कथेची थट्टा करून आपली विद्वत्ता दाखवतात. पहिला श्रोत्याच्या विश्वासाचा गैरफायदा घेतो, दुसरा त्याच्या भावनेचा अवमान करतो. मार्ग साधा आहे. जे श्रद्धेने मानले जाते ते ‘अशी श्रद्धा आहे’ या शब्दांत सांगावे. ज्याचा लेख वा पुरावा आहे ते ‘अशी नोंद आहे’ या शब्दांत सांगावे. ‘श्रद्धा आहे’ असे म्हटल्याने श्रद्धेचे मोल कमी होत नाही. पित्याच्या अस्थी हाती घेऊन पायरी उतरणाऱ्या मुलाला शिलालेखाचा आधार लागत नाही. त्याचा आधार निराळा आहे, आणि तो निराळाच राहू द्यावा.

दरवाजाबाहेरचा इतिहास

दुसरी परीक्षा अधिक कठीण आहे आणि ती काळाराम मंदिराच्या दरवाजाशी होते.

सरदार रंगराव ओढेकर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस उभारलेले हे मंदिर काळ्या पाषाणाचे भव्य शिल्प आहे. त्याच्या उंच तटाला चार दिशांना चार दरवाजे आहेत. मार्गदर्शक बहुधा शिखराची उंची सांगतो, दगडाची जात सांगतो, रामनवमीचा उत्सव आणि रथयात्रा यांचे वर्णन करतो. या चार दरवाजांवर १९३० साली काय घडले, हे मात्र पुष्कळदा सांगितले जात नाही.

२ मार्च १९३० रोजी, म्हणजे दांडीयात्रा निघण्याच्या दहा दिवस आधी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्रीपुरुष मिरवणुकीने या मंदिराकडे आले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना रामाचे दर्शन घेऊ द्यावे, एवढीच त्यांची मागणी होती. मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले. सत्याग्रही चारही दरवाजांवर बसले. त्या वर्षी रामनवमीच्या रथाच्या वेळी संघर्ष झाला, दगडफेक झाली. कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा लढा पुढे काही वर्षे चालवला. दरवाजे उघडले नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवला येथे बाबासाहेबांनी, आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना उपोषण करावे लागले. पुढे कायद्याने मंदिरे सर्वांना खुली झाली आणि भारतीय राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. आज काळारामाच्या दरवाजातून कोणीही आत जातो. परंतु ‘कोणीही’ हा शब्द त्या दरवाजाला सहज लाभलेला नाही. तो उन्हात बसून मिळवावा लागला, आणि जे बसले त्यांतील अनेकांना त्यांच्या हयातीत मिळालाही नाही.

हे भाविकाला सांगावे काय?

पुष्कळ सज्जन म्हणतात, सांगू नये. त्यांचे म्हणणे सहज झटकून टाकण्याजोगे नाही. यात्रेकरू मनःशांतीसाठी येतो. कोणी दुःखात असतो, कोणी नवस फेडायला आलेला असतो, कोणाच्या हाती आईच्या अस्थी असतात. त्याला जुन्या कलहाची आठवण कशासाठी द्यावी? शिवाय ज्यांनी तो अन्याय केला ते आज हयात नाहीत. आजच्या भाविकाने त्याची लाज का बाळगावी?

याचे उत्तर बाहेर शोधावे लागत नाही. ते या तीर्थाच्या कथांतच आहे. गोदावरी पृथ्वीवर का आली? गौतम ऋषींवर गोहत्येचा दोष आला. तो कपटाने लादलेला होता, तरीही गौतमांनी तो नाकारला नाही. तप करून गंगा आणली, असे गौतमीमाहात्म्य सांगते. कपालेश्वराची कथा तर याहून स्पष्ट आहे. ब्रह्मदेवाचे मस्तक छेदल्याने शंकरांना ब्रह्महत्येचा दोष लागला. मुक्तीचा मार्ग त्यांना एका वासराने दाखवला. ते वासरू म्हणजे नंदी. त्याच्यामागे चालत शंकर गोदावरीवर आले आणि स्नानाने दोषमुक्त झाले. ज्याने वाट दाखवली तो गुरू. गुरूला आपल्यासमोर वाहन म्हणून कसे बसवावे? म्हणून कपालेश्वराच्या पुढे नंदी नाही, अशी श्रद्धा आहे.

भाविकहो, या कथेचा अर्थ नीट पाहावा. येथे प्रत्यक्ष देवाचाही दोष लपवलेला नाही. तो उघडपणे सांगितला जातो आणि त्या सांगण्यानेच तीर्थाची महती वाढते. दोष झाकण्याची जागा म्हणून तीर्थ कधीच मानले गेले नाही. दोष उच्चारून तो धुण्याची ती जागा आहे. स्नानाच्या संकल्पात आपण ज्ञात-अज्ञात पापांच्या क्षालनाचा उच्चार करतो. उच्चाराशिवाय प्रायश्चित्त नाही. जे एका व्यक्तीला लागू, ते समाजाला लागू नाही असे कसे म्हणावे? देवाच्या दोषाची कथा दररोज आनंदाने सांगणाऱ्याने माणसांच्या दोषाविषयी मौन पाळावे, हे तर्काला आणि धर्माला दोहोंना सोडून आहे.

यात आणखी एक बाजू आहे. दर्शनाच्या रांगेत ज्यांचे आजोबा-पणजोबा त्या दरवाजाबाहेर उभे होते, असेही भाविक असतात. त्यांना हा इतिहास घरूनच ठाऊक असतो. मार्गदर्शक तेथे गप्प राहिला, तर ‘तुमचे दुःख आमच्या क्षेत्राच्या इतिहासात मोडत नाही’ असेच तो त्यांना न बोलता सांगतो. मौनालाही अर्थ असतो. निषादराज गुहाला आलिंगन देणाऱ्या आणि शबरीची बोरे प्रेमाने स्वीकारणाऱ्या रामाच्या दारात असे मौन शोभत नाही. आजच्या भाविकाने स्वतःला अपराधी समजावे, असा याचा अर्थ नव्हे. वारशात मंदिर मिळाले, तसा त्या दरवाजाचा इतिहासही मिळाला. वारसा घ्यायचा तर संपूर्ण घ्यावा, एवढेच.

नदीचे ऋण

सांगण्याजोगे आणखीही काही आहे आणि ते आपल्या काळाचे आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थातील स्नानपर्वाच्या दिवशी रामकुंडाच्या वाटेवर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांचा मृत्यू झाला. त्या वाटेवरून चालताना क्षणभर थांबून त्यांचे स्मरण करावे. गर्दीत पुढच्याला ढकलून मिळवलेले पुण्य कोणत्याही शास्त्राने पुण्य मानलेले नाही, हे तेथे जितके पटते तितके प्रवचनात पटणार नाही.

तसेच नदीविषयी. सोयीसाठी पात्रात काँक्रीट ओतले गेले, जुनी कुंडे त्याखाली झाकली गेली, आणि ते काढावे म्हणून नागरिकांना झगडावे लागले. शहराचे सांडपाणी गोदावरीत जाते, निर्माल्य आणि प्लॅस्टिकही जाते. या पाण्याला माता म्हणायचे आणि त्याची अवस्था मात्र नजरेआड करायची, हे कसे जमावे? याच गोदाकाठी गाडगे महाराजांनी गोरगरीब यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारली. हातातील खराट्याने त्यांनी शिकवलेला धर्म घाटावर पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला आठवावा. मार्गदर्शकाने पाण्याकडे बोट दाखवून जे आहे ते सांगितले, तर भाविकाच्या हातातील पिशवी नदीत पडण्याआधी थांबेल.

ऐकणाऱ्याचेही कर्तव्य

सांगणाऱ्याचा धर्म असतो, तसा ऐकणाऱ्याचाही असतो. घाईने प्रश्न टाळू नयेत. ‘हे कोणी बांधले’ असे विचारताना ‘दगड कोणी वाहिले’ हेही विचारावे. सरदारांची नावे उरली, पाथरवटांची उरली नाहीत. मनाला न रुचणारे ऐकावे लागले, तर सांगणाऱ्यावर रोष धरू नये. ज्याला केवळ गोड ऐकायचे असते, त्याला लोक केवळ गोडच सांगतात. आणि मग तो चालून आला तरी कोठेच पोहोचत नाही.

शक्य असल्यास ही पदयात्रा उन्हे चढण्यापूर्वी करावी. पायऱ्या ओल्या व निसरड्या असतात, म्हणून वृद्धांचा हात धरावा. पावसाळ्यात दुतोंड्या मारुतीच्या पायांशी पाणी आले की पात्रात उतरू नये. निर्माल्य पाण्यात न सोडता त्यासाठी ठेवलेल्या कलशात टाकावे. काळारामाच्या दरवाजातून आत जाताना उंबरठ्याला हात लावून नमस्कार करण्याची आपली रीत आहे. त्या नमस्कारात आतल्या देवासोबत त्या उंबरठ्याबाहेर बसलेल्यांचेही स्मरण असावे.

नंदीने वाट दाखवली, म्हणून तो गुरू झाला. त्याने शंकरांना रम्य दृश्ये दाखवली नाहीत. ज्या पाण्याची त्यांना गरज होती, तेथवर नेले. गोदातीरावर वाट दाखवणाऱ्या प्रत्येकाला ही जाणीव लाभो, आणि त्याच्यामागे चालणाऱ्या प्रत्येक भाविकाची यात्रा सफळ संपूर्ण होवो, हीच गोदामाईच्या चरणी प्रार्थना.