विजेची गाडी आणि आपला शेजारी

रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात हल्ली एक विषय हमखास निघतो : विजेवर चालणारी गाडी घ्यावी की न घ्यावी? बॅटरी किती वर्षे टिकेल, लांबच्या प्रवासात ती मध्येच संपली तर काय, जुनी गाडी विकताना किंमत येईल काय, असे प्रश्न विचारले जातात. संसारी माणसाने ते विचारलेच पाहिजेत. ज्यांनी गाडी घेतली आहे, त्यांच्या बोलण्यात मात्र एक समाधान असते : आमच्या गाडीला धूर नाही! हे समाधान थोडे तपासून पाहण्याजोगे आहे.

पुण्याहून पौडकडे जाताना घोटवडे फाट्यानजीक भरे हे गाव आहे. ज्या मुळशी तालुक्यात ते वसले आहे, त्याच तालुक्यात टाटा कंपनीने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात धरण बांधले. त्या पाण्यावर कोकणात भिरा येथे वीज निर्माण झाली आणि ती मुंबईस गेली. आपल्या जमिनी बुडणार हे पाहून मावळातील शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला. सेनापती बापटांनी त्यासाठी कारावास सोसला. तरीही धरण झाले; गावे आणि भातखाचरे पाण्याखाली गेली. त्या विजेला धूर नव्हता. पण म्हणून ती निर्दोष होती काय? मुंबईत दिवा लावणाऱ्याच्या मनात पाप नव्हते. त्याला मुळशी दिसत नव्हती, इतकेच.

आजही तसेच आहे. आपल्या देशातील बहुतांश वीज कोळशापासून मिळते. पुण्यात न निघालेला धूर चंद्रपूरच्या आकाशात निघतो. अनेक बॅटऱ्यांना लागणारे कोबाल्ट मुख्यत्वे आफ्रिकेतील काँगो देशातून येते आणि तेथील काही खाणींत लहान मुलेही राबतात. मग विजेची गाडी घेऊच नये काय? असे म्हणणे ही पळवाट ठरेल. पेट्रोलही निष्पाप नाही. आणि गाडीच्या साऱ्या आयुष्याचा हिशेब मांडला, तर विजेची गाडी हवेची हानी सहसा कमीच करते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सृष्टीची हानी आणि गरिबांची उपेक्षा ही दोन वेगळी संकटे मानली नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांच्यासाठी विजेवर चालणारी गाडी व्हॅटिकनमध्ये आली. तेव्हा गाडी अवश्य घ्यावी. परंतु तिच्याबरोबर निर्मळ सदसद्विवेकही विकत मिळाला, असे मानू नये.

प्रभू येशूच्या दाखल्यातील दयाळू शोमरोन्याजवळही वाहन होते. ते कोणत्या जातीचे होते, किती दूर जाई, याविषयी शुभवर्तमान काही सांगत नाही. त्याने जखमी परक्याला आपल्या जनावरावर बसवले, एवढेच सांगते. म्हणजे स्वतः तो पायी चालला असणार. वाहनाच्या मालकीचे मोल तेथे ठरले.

आपणही गाडी घेताना मुळशीचे, चंद्रपूरचे, काँगोचे ते न दिसणारे शेजारी स्मरावेत. जवळ जायचे असेल तर चालावे. चर्चला येताना शेजारच्या वृद्धेस बरोबर घ्यावे. घेतलेली गाडी हौसेखातर बदलू नये. आणि ज्यांच्याकडे कधीच गाडी येणार नाही, त्यांच्यासाठी चांगली एस.टी. मागावी. धूर नसलेल्या गाडीत रिकाम्या राहिलेल्या तीन जागांचाही जाब आपल्याला एक दिवस द्यावा लागेल.