सल्ला देणारा रथावर आहे का?



नोकरीसाठी बसवनगुडीत राहणारी आपली कितीतरी मराठी मुले मेट्रोत बसली की कानाला इअरफोन लावून पॉडकास्ट ऐकतात. घर लांब, खोलीत एकटेपण. अशा वेळी कोणीतरी आपल्या भाषेत नैराश्याबद्दल, मोडलेल्या लग्नाबद्दल, वडिलांशी न पटण्याबद्दल शांतपणे बोलते, याचा आधार वाटतो. घरात जे बोलायची सोय नव्हती, त्याला या मंडळींनी वाट करून दिली. त्यांना सरसकट नावे ठेवू नयेत. त्यांच्यातले चांगले लोक समोरच्या पाहुण्याला तासभर बोलू देतात. आपण घरच्या माणसाचे दहा मिनिटे तरी ऐकतो का?

अडचण येते ती ऐकणारा त्या गप्पांमधून स्वतःचा निर्णय उचलतो तेव्हा. ‘टॉक्सिक माणसांना आयुष्यातून काढून टाका,’ हा सल्ला असंख्य कानांवर एकसारखाच पडतो. मार खाणारी एखादी त्याच्या बळावर घराबाहेर पडते, तिने पडावेच. दुसरा कोणी मात्र रोज ‘जेवलास का?’ म्हणून भंडावणाऱ्या आईचा फोन घेणे थांबवतो. बोलणाऱ्याला या दोघांपैकी कोणीच दिसत नाही. शिवाय श्रोते आणि जाहिराती टिकवायच्या असतात. मग ‘मला यातले कळत नाही, डॉक्टरांना विचारा’ हे शब्द जड जातात.

गीतेकडे पाहा. पहिल्या अध्यायात भगवंत जेमतेम एक वाक्य बोलतात; बाकी अर्जुनच बोलतो, रडतो, धनुष्य टाकतो. दुसऱ्या अध्यायात तो शिष्य होऊन विचारतो, तेव्हा खरा उपदेश सुरू होतो. अठराव्यात सगळे सांगून झाल्यावर भगवंत म्हणतात, यावर पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेप्रमाणे वाग. पुढे हेही विचारतात, की मन लावून ऐकलेस ना, मोह गेला ना? एवढे झाल्यावर ते निघून जात नाहीत. लगाम त्यांच्याच हातात असतात आणि अर्जुनाकडे येणारे बाण त्यांच्याही अंगावर येतात.

बसवनगुडीतच डी. व्ही. गुंडप्पा राहत. १९४५ साली त्यांनी आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नावाने तिथे सार्वजनिक विचार संस्था उभारली. गीतेवरील त्यांच्या ग्रंथाला १९६७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पेशाने ते पत्रकार, म्हणजे त्या काळातले लोकांपुढे बोलणारेच. १९४३ च्या ‘मंकुतिम्मन कग्ग’मध्ये ते भोळ्या तिम्माला हाक मारत उपदेश करतात, आणि तो तिम्मा ते स्वतःही आहेत. पुढे १९७० मध्ये सत्कारात मिळालेली थैलीही त्यांनी संस्थेलाच देऊन टाकली.

पॉडकास्ट जरूर ऐका. पण नोकरी सोडायची, नाते तोडायचे, औषध बंद करायचे असे काही मनात आले, तर आधी ते अशा माणसापुढे मांडा जो तुम्हाला ओळखतो आणि उद्याही भेटणार आहे: जुना मित्र, मोठी बहीण, सत्संगातले कोणी. औषधाची गोष्ट मात्र ज्यांनी ते लिहून दिले त्या डॉक्टरांशीच बोला.