चॉकलेटचा गोडवा आणि आपला विवेक



प्रायश्चित्तकाळात आपल्यापैकी अनेकांनी, विशेषतः मुलांनी, चॉकलेट वर्ज्य केले होते. चाळीस दिवस त्यांनी मन आवरले. आता पुनरुत्थानाचा सण आला आहे आणि घरोघरी चॉकलेटची अंडी फुटत आहेत. अशा वेळी एक प्रश्न मनात येतो. एखादी गोष्ट सोडणे हे पुण्य असेल, तर तिचा आस्वाद घेणे हा दुबळेपणा म्हणायचा का?

तेराव्या शतकातील थोर तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वाइनस यांनी संयम या सद्गुणाचे विवेचन करताना त्याच्याविरुद्ध जाणारे दोन दुर्गुण सांगितले आहेत. एक म्हणजे सुखाचा अतिरेक. तो आपण सगळेच ओळखतो. दुसरा म्हणजे सुखाविषयी जाणूनबुजून बधिर राहणे. जगण्यासाठी आवश्यक असलेल्या क्रियांना निसर्गानेच सुखाची जोड दिली आहे. त्या सुखाकडे विनाकारण पाठ फिरवणे हाही दोषच, असे ते मानतात. चांगल्या हेतूने केलेला त्याग मात्र त्यांना स्तुत्य वाटतो. काना गावच्या लग्नात प्रभू येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, आणि तोही उत्तम प्रतीचा. तेव्हा आस्वाद घेण्यात पाप नाही.

चॉकलेट आणि उपवास हा वाद ख्रिस्तसभेत फार जुना आहे. सतराव्या शतकातील युरोपात चॉकलेट खात नसत, पीत असत. ते प्यायल्याने उपवास मोडतो का, या प्रश्नावर १६३६ साली अंतोनियो दे लेओन पिनेलो यांनी माद्रिदमध्ये अख्खा ग्रंथ छापला. पुढे १६६४ साली रोममध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात कार्डिनल ब्रांकाचियो यांनी निर्वाळा दिला, की पेयाने उपवास मोडत नाही आणि चॉकलेट हे पेय आहे. विद्वानांनी असा कीस पाडला. त्याच काळात व्हेनेझुएलाच्या मळ्यांत आफ्रिकेतून आणलेले गुलाम कोकोची झाडे राखत होते. कपातले चॉकलेट कोणाच्या घामातून आले, हा त्या वादाचा विषय नव्हता.

आपल्यासाठी मात्र तोच खरा विषय आहे. आज जगातील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या पश्चिम आफ्रिकेतील दोन देशांत पिकतो. खोडाला लगडलेली फळे कोयत्याने तोडायची, ती फोडून आतल्या बिया केळीच्या पानांखाली काही दिवस आंबवायच्या आणि मग उन्हात वाळवायच्या. हे सारे काम बहुतांशी हातानेच होते. शिकागो विद्यापीठातील संशोधन संस्थेच्या २०२० सालच्या अहवालानुसार, २०१८-१९ च्या हंगामात या दोन देशांत कोकोच्या कामावर सुमारे १५ लाख ६० हजार बालकामगार होते. त्यांतली बहुतेक मुले आपल्याच कुटुंबाच्या शेतात राबतात, कारण हाती येणाऱ्या पैशांत मजूर लावणे परवडत नाही. बालमजुरीची सर्वांत वाईट रूपे २००५ पर्यंत बंद करू, असे वचन मोठ्या चॉकलेट कंपन्यांनी २००१ साली दिले होते. ते पाळले गेले नाही. बाजारातला भाव आणि शेतकऱ्याच्या हाती पडणारा भाव यांतले अंतर वाडीत भाजी-केळी पिकवणाऱ्या आपल्या लोकांना समजावून सांगायला नको.

मग काय करावे? कोणी म्हणेल, चॉकलेट सोडूनच द्या. पण सगळ्यांनीच सोडले, तर आधी चूल विझेल ती त्या शेतकऱ्याची. कोणी म्हणेल, सण आहे, एवढा विचार कशाला? दोन्ही वाटा सोप्या आहेत आणि दोन्हींत तो शेतकरी नजरेआड होतो. जेवणाआधी आपण परमेश्वराचे आभार मानतो. त्या आभारांत पिकवणाऱ्या हातांची आठवण असेल, तर त्यांना न्याय मिळावा असे वाटल्यावाचून राहणार नाही.

म्हणून सणाचे चॉकलेट आनंदाने खाऊ या, वाटून खाऊ या. कोकोचे झाड कसे असते आणि ते कोण राखते, हे मुलांना सांगू या. शेतकऱ्याला रास्त दाम देणारे चॉकलेट दुकानात मिळाले, तर चार पैसे जास्त मोजू या. मग वडी लहान आली तरी चालेल. आणि आजच्या कौटुंबिक प्रार्थनेत, ज्या मुलांनी कोको वाळवला पण चॉकलेट कधी चाखले नसेल, त्यांचीही आठवण करू या.

पुनरुत्थित प्रभू आपल्या सर्वांच्या घरी आनंद नांदवो.