पांगळ्या पुत्राचा बाप आणि मोकळी हवा

ज्याचा पुत्र पंचवीस वर्षांचा होऊनही आपल्या पायांवर उभा राहू शकत नाही, ज्यास घास भरवावा लागतो, रात्री कूस बदलून द्यावी लागते, अशा बापाने पहाटे उठून तासभर कालव्याच्या काठाने फिरावयास जावे काय? प्रश्न लहान दिसतो खरा, पण ज्या घरात तो उत्पन्न होतो तेथे तो लहान नसतो. शेजारी म्हणतात, "पोरगा अंथरुणाला खिळलाय आणि बाप हवा खात हिंडतोय." बाप हे ऐकतो आणि दुसऱ्या दिवशी पायांत वहाणा घालताना त्याचा हात थबकतो, कारण शेजाऱ्याने जे म्हटले तेच त्याच्या मनानेही त्यास अगोदरच सांगितलेले असते.

बारामती व इंदापूर या तालुक्यांच्या गावोगावी अशी घरे आहेत. १९८१ सालच्या पुढे जन्मलेली जी मुले डॉक्टरी उपायांनी जगली, त्यांतील किती तरी आज प्रौढ झाली आहेत. सन २०११ च्या खानेसुमारीत महाराष्ट्रात सुमारे २९ लक्ष ६३ हजार अपंग मनुष्ये मोजली गेली. हल्ली कायदा त्यांस दिव्यांग म्हणतो. नाव गोड आहे. पण नावाने कोणाचे अंथरूण बदलले जात नाही, म्हणून आम्ही त्या वादात शिरत नाही.

अशा घराविषयी बोलताना आपले लोक बहुधा मातेची स्तुती करतात. "त्या माउलीने वीस वर्षांत उंबरठा ओलांडला नाही," असे म्हणतात. हे म्हणणारे बहुतकरून स्वतः उंबरठा ओलांडून आलेले असतात. आम्हांस ही स्तुती धोक्याची वाटते. तिने एका बाईच्या कोंडमाऱ्यास सद्गुणाचे नाव मिळते, आणि एकदा का तसे नाव मिळाले की तिला तासभर मोकळीक देण्याची जबाबदारी गावावर राहत नाही.

प्रथम आपण शरीराचा हिशेब पाहू. मूल पाच वर्षांचे असते तेव्हा आई त्यास कडेवर घेऊन विहिरीवर जाते, शेतावर जाते, लग्नासही जाते. तेच मूल पंचवीस वर्षांचे झाले म्हणजे पन्नास किलो वजनाचे होते, आणि उचलणारा बाप तोपर्यंत पंचावन्न-साठीस येतो. इतर घरांत पुत्र वाढतो तसा बापाचा भार हलका होतो. या घरात पुत्र वाढतो तसा भार वाढतो व भार उचलणारा खचतो. खाटेवरून खुर्चीवर, खुर्चीवरून मोरीवर, पुन्हा खाटेवर, असे दिवसातून आठ-दहा वेळा उचलावे लागते. त्यात बापाची कंबर धरली म्हणजे त्या दिवशी दोन माणसे खाटेवर पडतात. एरवी कंबर धरणे हे एका माणसाचे दुखणे असते; येथे तसे नसते.

यावरून कोणीही सहज म्हणेल की, बापाने आपले शरीर राखले पाहिजे, कारण ते पुत्राच्याच उपयोगाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले की, प्रौढ मनुष्याने आठवड्यास निदान १५० ते ३०० मिनिटे बेताच्या श्रमाची हालचाल करावी. आणि त्याच वेळी अपंगांसाठीही तशाच सूचना प्रथम घातल्या. कोणी म्हणेल, शेतकऱ्यास हे कशाला सांगावयास पाहिजे, तो तर दिवसभर राबतो. पण ज्याने पुत्रासाठी शेत वाट्याने दिले आणि जो पुत्राच्या खाटेपाशीच दहा वर्षे बसून आहे, तो राबतो त्या वेळी फक्त वाकतो व उचलतो, चालत नाही. वाकणे व उचलणे हे शरीर झिजविते, चालणे ते राखते.

हा युक्तिवाद खरा आहे. तरी आम्ही येथेच थांबत नाही, कारण त्यात एक उणे आहे. बैलास वैरण घालतात ती त्याने मोट किंवा नांगर ओढावा म्हणून. बापानेही उद्या ओढता यावे एवढ्याचसाठी जर आज फिरावे, तर तो त्या घरातला बैल झाला. मग ज्या दिवशी त्याच्या फिरण्याने पुत्राचा काही लाभ होणार नाही त्या दिवशी त्याने फिरू नये, असेही ठरेल. बाप बैल नव्हे. पहाटे कालव्याच्या काठी चंडोल वर चढत जाऊन गातो, तो ऐकून त्या मनुष्यास आनंद झाला, तर तो आनंद त्याचा स्वतःचा आहे. त्याचा जमाखर्च पुत्राच्या खात्यावर मांडण्याचे कारण नाही. ज्यास बरे वाटण्याचा अधिकारच उरला नाही असा मनुष्य दुसऱ्याची सेवा पुष्कळ काळ करील, पण ती सेवा हळूहळू कडवट होते. आणि ज्यास बोलता येत नाही असा पुत्रही उचलणाऱ्या हातांतला तो कडवटपणा ओळखतो.

तथापि एक गोष्ट तपासून पाहिली पाहिजे: बाप फिरावयास जातो, तेव्हा त्या तासाचे मोल कोण देतो? बहुधा ते आई देते. बाप पहाटे कालव्यावर, सकाळी पारावर, आठवड्यातून एकदा बाजारास. आणि आई घरात. असे असेल तर शेजाऱ्याचा टोमणा अन्यायाचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. त्याचे लक्ष मात्र चुकीच्या ठिकाणी गेले आहे. त्याने पुत्राकडे बोट दाखविले. दाखवावयाचे होते ते त्या बाईकडे. ज्या बापास सोमवारी फिरावयाचे आहे त्याने मंगळवारी पहाटे खाटेपाशी बसावे व बाईस जाऊ द्यावे. ती कोठे जाते हे विचारू नये. ती कदाचित फिरणार नाही. भावजयीच्या अंगणात बसून चहा पिईल. तेही चालेल.

आता यापुढचा प्रश्न आम्हांस अधिक मोलाचा वाटतो: बापाने पुत्रास घरी ठेवून बाहेर जावे की नाही, हे आपण इतका वेळ बोललो, पण पुत्राने घरीच का राहावे? याचे उत्तर पुष्कळ घरांत शरीराच्या अडचणीत नसते, ते लाजेत असते. पाहुणे आले म्हणजे आतल्या खोलीचे दार ओढून घेतात. धाकट्या मुलीचे लग्न जमावयाचे असते, म्हणून थोरल्यास कोणाच्या दृष्टीस पडू देत नाहीत. हे करणारे दुष्ट नसतात, भ्यालेले असतात. पण पंचवीस वर्षांच्या मनुष्याने आभाळ पाहिले नाही, त्याचे कारण त्याचे पाय नव्हेत, आपले भय होय, हे स्पष्ट बोलले पाहिजे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात डिक हॉइट नावाचा गृहस्थ होता. त्याचा पुत्र रिक १९६२ साली जन्मला. जन्मसमयी नाळ मानेभोवती आवळल्याने मेंदूस प्राणवायू पोहोचला नाही, आणि मूल हातापायांनी पांगळे व मुके झाले. यास एखाद्या संस्थेत ठेवून द्या, असे डॉक्टरांनी आईबापांस सांगितले. त्यांनी ते मानले नाही. पुढे त्याच्यासाठी एक यंत्र तयार झाले, त्यावर डोक्याच्या हालचालीने अक्षरे निवडून तो बोलू लागला. १९७७ साली एका अपघाताने लुळ्या झालेल्या तरुणाच्या मदतीसाठी पाच मैलांची शर्यत होती. रिकने बापास सांगितले की, आपण दोघांनी तीत जावे. बाप काही धावणारा नव्हता. तरी त्याने खुर्ची ढकलीत ती शर्यत पुरी केली. घरी आल्यावर पुत्राने कळविले की, धावताना आपण पांगळे आहो असे आपल्यास वाटले नाही. तेथून पुढे ती दोघे हजारांहून अधिक शर्यतींत उतरली. बॉस्टन शहराची सव्वीस मैलांची शर्यत त्यांनी बत्तीस वेळा पुरी केली. शेवटची २०१४ साली, तेव्हा बाप त्र्याहत्तर वर्षांचा होता. मध्यंतरी रिकने विद्यापीठाची पदवीही मिळविली. डिक २०२१ साली वारला, रिक २०२३ साली.

ही कथा सांगण्यास आम्ही थोडे कचरतो. कारण ती ऐकून एखादा गरीब बाप म्हणेल की, आपण तर पोरास सव्वीस पावलेही नेले नाही. हॉइट यास गुळगुळीत रस्ते होते व धावण्यासाठी घडविलेली खुर्ची होती. आमच्याकडे गाळपाचा हंगाम लागला म्हणजे उसाने भरलेले ट्रॅक्टर व बैलगाड्या पहाटेपासून रस्ता व्यापतात. म्हणून त्या कथेतून आपण एवढेच घ्यावे की, बाहेर जाण्याची गोष्ट प्रथम पुत्राने काढली. बाप त्याच्यासाठी धावला, असे लोक म्हणतात. वस्तुतः पुत्राने बापास धावावयास लाविले. पुढे बापास हृदयविकाराचा सौम्य झटका आला, तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की, तू धावत नसतास तर पुष्कळ वर्षे आधीच गेला असतास. मग कोण कोणास वाहून नेत होते?

आमच्या प्रदेशात बाहेर नेण्याजोगी ठिकाणे नाहीत असे नाही. नीरेचा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला, तेव्हापासून या कोरडवाहू मुलखात पाण्याकाठी सावली आहे. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, ते पुरते सव्वापाच चौरस किलोमीटरही नाही, पण तेथे चिंकारा हरिणे माळावर चरताना दिसतात. इंदापूर तालुक्यात कुंभारगाव व भिगवण या बाजूस उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. त्या मऊ गुलाबी रांगा काठावरूनही दिसतात. त्यासाठी पायांची गरज नाही, डोळ्यांची आहे. आषाढी वारीच्या दिवसांत तुकोबांची पालखी बारामतीवरून इंदापुराकडे जाते, तेव्हा रस्त्याकडेला बसलेल्या मनुष्याच्या पुढून सारा महाराष्ट्र चालत जातो.

काही सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. ज्यास फेफरे येते त्यास कालव्याच्या काठाशी कधीही नेऊ नये. झटका एका क्षणाचा असतो आणि पाणी ओढीचे असते. फेफऱ्याच्या कित्येक औषधांनी हाडे ठिसूळ होतात, व जो उन्हात जातच नाही त्याची अधिकच होतात. म्हणून सकाळचे कोवळे ऊन हे त्याच्यासाठी चैन नव्हे. खुर्चीत बसलेल्या मनुष्यास अर्ध्या तासाने तरी थोडे उचलून बूड हलवून द्यावे, नाहीतर त्वचा मरते व जखमा होतात. त्या जखमा महिनोन्‌महिने भरत नाहीत. वैशाखात नऊ वाजण्याच्या आत घरी परतावे. ज्यास तहान लागली हे सांगता येत नाही, त्यास दर थोड्या वेळाने पाणी पाजावे. खुर्ची मिळविण्यास सरकारी साहाय्य आहे, १९८१ पासून ती योजना चालू आहे. पण खुर्ची घेताना ती मनुष्याच्या मापाची आहे हे पाहावे. मोठ्या खुर्चीत बसविलेला मनुष्य एका अंगास कलतो व पाठीचा कणा वाकडा होतो.

आपल्या देशात श्रावणाची कावड ठाऊक नाही असा मनुष्य सापडणार नाही. पुत्राने आईबापांस वाहिले, ते गाण्यात गेले. बापाने पुत्रास वाहिले तर त्याचे गाणे होत नाही. पण शुभवर्तमानात एक जागा आहे, ती आमच्या वाचकांस ठाऊक आहे. कफर्णहूम गावी एका पक्षाघाती मनुष्यास खाटेसह आणले, दारात गर्दी होती म्हणून छप्पर उकलून खाली सोडले. उचलणारे चौघे होते. ते त्याचे कोण होते, हे लिहिलेले नाही. त्यांत त्याचा बाप असेल वा नसेल. पण एका खाटेस चार कोपरे असतात, आणि बाप एकटा असेल तर त्याच्या हाती एकच कोपरा येतो, ही गोष्ट आम्ही त्या कथेपाशी पुनःपुन्हा थांबून पाहिली आहे. आपल्या मंडळ्यांत तरुण पुष्कळ आहेत. रविवारी उपासनेनंतर त्यांतले दोघे त्या घरी जाऊन तासभर खुर्ची ढकलतील, तर आईबाप दोघेही एकाच वेळी बाहेर पडू शकतील. अशी जोडपी आहेत की, ती लग्नानंतर काही वर्षांनी जी एकत्र चालावयाची थांबली ती पुन्हा कधी चाललीच नाहीत. उपदेशक बंधूंनी या घरी प्रार्थना करावयास जरूर जावे. पण प्रार्थना झाल्यावर, "आता तुम्ही जा, मी बसतो," असेही म्हणावे. आणि त्याआधी त्या मुलास कसे उचलावे, काय भरवावे, हे एकदा आईकडून नीट शिकून घ्यावे.

अशा बापाच्या मनात एक प्रश्न चोवीस तास असतो, आणि फिरताना तो अधिकच येतो: माझ्यामागे याचे काय? याला फिरणे हे उत्तर नव्हे, हे आम्ही जाणतो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने आत्ममग्नता, मेंदूचा पक्षाघात, बुद्धीची मंदता व अनेक अपंगत्वे असलेल्या मनुष्यास अठरा वर्षांनंतर पालक नेमून देण्याची सोय केली आहे; जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करावा लागतो. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे एकवीस प्रकार मानले. ज्यांनी अद्याप अर्ज केला नाही त्यांनी, हातपाय चालत आहेत तोवरच, तालुक्याच्या गावी चौकशी करावी. धाकट्या भावास किंवा पुतण्यास आजच विचारावे. ज्याने त्या मुलास कधी बाहेर नेले आहे, ज्यास त्याचे हसू कशाने येते हे ठाऊक आहे, असा मनुष्य उद्या हो म्हणेल. ज्याने त्यास ओढलेल्या दारामागेच ठेवलेले पाहिले, तो कशावरून म्हणेल?

इंदापुराकडील काळ्या जमिनीत पाऊस पडला म्हणजे चाके रुततात व खुर्ची अंगणाबाहेर जात नाही. त्या दिवसांत ओसरीचे बाहेरचे टोक पुरे. तेथून रस्ता दिसतो, शाळेत जाणारी मुले दिसतात, आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांसही तो दिसतो.