घोडा कोणी द्यायचा?

कारवारजवळच्या चेंडिये गावचे राम राघोबा राणे जुलै १९४० मध्ये बॉम्बे इंजिनिअर्समध्ये शिपाई म्हणून भरती झाले. तेव्हा त्यांचे वय बावीस होते. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यांनी इंजिनिअर तुकडीचे काम हाताने केले. डिसेंबर १९४७ मध्ये त्यांना कमिशन मिळाले आणि पुढच्या चारच महिन्यांत, ८ ते ११ एप्रिल १९४८ या दिवसांत, नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या रणगाड्यांची वाट मोकळी करण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. सुरुवातीलाच उखळी तोफांच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले दोघे ठार झाले, स्वतः राणेही जखमी झाले. तरी सुरुंग काढणे, रस्त्यावर पाडलेली झाडे उडवणे आणि रणगाड्यांसाठी वळणरस्ता तयार करणे हे काम थांबले नाही. या कामगिरीसाठी सेकंड लेफ्टनंट राणे यांना परमवीरचक्र मिळाले.

या पराक्रमात अधिकारी कुठला आणि शिपाई कुठला, हे वेगळे काढता येत नाही. पुढे राहून माणसांना बांधून ठेवणे हे अधिकाऱ्याचे काम झाले, पण सुरुंग ओळखणारे बोट शिपायाचे होते. महाविद्यालयातून बाहेर पडणारा मराठी मुलगा ‘भरती व्हावे की अधिकारी व्हावे’ असे विचारतो तेव्हा आपण त्याला पगाराचे आकडे सांगतो किंवा देशभक्तीचे भाषण ऐकवतो. माझे म्हणणे वेगळे आहे. आपल्याकडे हा प्रश्न बहुतेक मुलांना पडतच नाही, कारण पडण्याआधीच त्याचे उत्तर ठरलेले असते. ते ठरवते घर, तालुका, इंग्रजी आणि वेळ.

हे आजचे नाही. पहिल्या महायुद्धात सातारा जिल्ह्यातल्या एकट्या अपशिंगे गावाने ४६ जवान गमावले. त्या काळात महाराष्ट्राने शिपाई भरभरून दिले, पण अधिकाऱ्याचे दार हिंदी माणसाला जवळजवळ बंदच होते. १९१८ पासून विलायतेतल्या सँडहर्स्टच्या लष्करी अकॅडमीत हिंदी तरुणांना वर्षाला दहा जागा मिळू लागल्या. कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात त्या वाटेने १९२६ मध्ये अधिकारी झाले आणि पुढे लेफ्टनंट जनरल पदापर्यंत पोचले. त्या वाटेला विलायतेचा खर्च आणि इंग्रजी वळण लागे. त्याखाली हिंदी माणसाला चढता येण्याजोगी वरची पायरी म्हणजे सुभेदारी. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ त्या पायरीपर्यंत गेले. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरतीच बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांसारख्यांना अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या त्या अधिकारी होण्यासाठी नव्हे, साधे शिपाई होण्यासाठी. १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तो हक्क स्थिरपणे परत आला. म्हणून शिपाईपणाकडे ‘काहीच जमले नाही म्हणून’ अशा नजरेने पाहणाऱ्यांनी आपल्याच प्रांताचा इतिहास वाचलेला नाही, असे म्हणावे लागते.

त्याच इतिहासात एक विसरलेली तरतूदही आहे. १९३२ मध्ये डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकॅडमी सुरू झाली तेव्हा पहिल्या तुकडीच्या चाळीस जागांपैकी पंधरा खुल्या स्पर्धेला, दहा संस्थानांच्या फौजांना आणि पंधरा सैन्यातल्या शिपायांसाठी होत्या. परक्या सरकारनेही चाळिसातल्या पंधरा जागा पलटणीतून वर येणाऱ्यांसाठी ठेवल्या होत्या. ही वाट आजही आहे. नौगावच्या किचनर कॉलेजपासून सुरू झालेले आर्मी कॅडेट कॉलेज काही वर्षे पुण्यात होते, १९७७ मध्ये ते डेहराडूनला गेले. सेवेतला जवान तिथे तीन वर्षे शिकून पदवी घेतो आणि मग अकॅडमीत जातो. ‘आधी भरती होऊ, मग आतून अधिकारी होऊ’ हा गावागावांत ऐकू येणारा हिशेब अगदीच खोटा नाही.

मात्र २०२२ नंतर तो हिशेब बदलला. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली. सेवा चार वर्षांची, आणि त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के जण नियमित सेवेत. पहिल्या वर्षी महिना तीस हजार, चौथ्या वर्षी चाळीस हजार; त्यातून तीस टक्के कापून तेवढीच भर सरकार घालते आणि शेवटी सेवानिधी हातात येतो. निवृत्तिवेतन नाही. चौघांतल्या तिघांना चार वर्षांनी घरी यायचे असेल, तर आतून वर चढण्याची वाट त्या तिघांपुरती जिथे सुरू होते तिथेच संपते.

इथे वयाचे गणित मांडून पाहावे. योजना आली तेव्हा अग्निवीराच्या वयाची मर्यादा साडेसतरा ते एकवीस अशी ठरली, पहिल्या वर्षापुरती ती तेवीस केली गेली. बी.ए. किंवा बी.एस्सी. होईपर्यंत मुलगा वीस-एकवीस वर्षांचा होतो. म्हणजे पदवी हातात येते तेव्हा भरतीचे दार बंद व्हायला आलेले असते, मर्यादा वर्षभर इकडेतिकडे सरकली तरी. उलट अधिकाऱ्याचे दार पदवीने उघडते. सीडीएस परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो, शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही तिला बसता येते आणि चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीसाठी साधारण पंचविशीपर्यंत मुभा असते. तेव्हा ‘कॉलेज झाल्यावर ठरवू’ हे वाक्यच फसवे आहे. खरी निवड होते ती पहिल्या-दुसऱ्या वर्षाला, मुलगा पहाटे सोळाशे मीटर धावायला जाऊ लागतो आणि कॉलेजचे तास बुडू लागतात तेव्हा. त्या वेळी त्याच्याशी कोणी बोलत नाही. खासगी भरती-अकॅडमीवाला बोलतो, पण त्याचा धंदा भरतीवर चालतो.

आता पैशाकडे पाहू. सातव्या वेतन आयोगात शिपायाचे मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून, तर लेफ्टनंटचे ५६,१०० पासून सुरू होते. लष्करी सेवा वेतन एकाला ५,२०० आणि दुसऱ्याला १५,५००. ही दरी मोठी आहे. तरी अधिकारीपण म्हणजे आयुष्यभराची निश्चिंती, असे समजणेही चूक. चेन्नईहून बाहेर पडणारा अधिकारी शॉर्ट सर्व्हिसचा असतो: दहा वर्षे, वाढवली तर चौदा. कायम कमिशन मिळाले नाही तर पस्तिशीच्या आसपास तोही निवृत्तिवेतनाविना बाहेर पडतो. जुन्या पद्धतीचा शिपाई पंधरा वर्षांनी पेन्शन घेऊन गावी यायचा आणि त्यावर बहिणीचे लग्न, विहीर, पक्के घर उभे राहायचे. ती व्यवस्था सरली आहे. मुदतीची नोकरी दोन्ही दारांतून आत शिरली आहे, म्हणून नुसत्या सुरक्षिततेच्या तराजूत ही निवड तोलता येत नाही.

मग ती कशावर तोलायची? कामावर. शिपायाचे काम म्हणजे कसब. शस्त्र, यंत्र, वाट, हवामान, शेजारचा माणूस यांची इतकी ओळख, की विचार करायला वेळ नसताना हात बरोबर चालावा. अधिकाऱ्याचे काम म्हणजे अपुऱ्या माहितीवर निर्णय घेणे आणि त्या निर्णयाने कोणाचा जीव जाऊ शकतो हे माहीत असताना तो घेणे. नवा लेफ्टनंट बाविशी-तेविशीचा असतो आणि त्याला सलाम करणारा सुभेदार त्याच्या वडिलांच्या वयाचा. ज्याला त्या सुभेदाराकडून शिकायची लाज वाटते त्याने अधिकारी होऊ नये, आणि दुसऱ्याच्या चुकीची जबाबदारी आपल्या अंगावर घ्यायची ज्याची तयारी नाही त्यानेही नाही. हुशारीचा प्रश्न त्यानंतर येतो. एसएसबी या अधिकारी निवड मंडळाच्या पाच दिवसांत मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरची गटकामे आणि मुलाखत यांतून पंधरा गुण तपासतात, त्यांत पाठांतराला जागा नाही. पुढाकार, सहकार्य, ताण पेलणे, दुसऱ्यांना बरोबर नेणे हे गुण गावच्या तालमीत, गणेश मंडळात, दुष्काळात चाराछावणी चालवताना घडतात. ग्रामीण मुलगा तिथे मुळात कमी पडत नाही. तो कमी पडतो ते सांगण्यात, आणि त्याआधी अर्ज करण्यात.

शिवकाळातल्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार होते. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन यायचा, बारगिराला घोडा सरकार द्यायचे. शिवाजी महाराजांनी भर दिला तो सरकारी पागेवर, आणि शिलेदारांना पागेच्या अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली ठेवले. त्यामुळे घोडा विकत घेण्याची ऐपत नसलेल्या कुणब्याच्या पोराला स्वार होता आले. आजच्या अधिकारी भरतीत घोडा म्हणजे इंग्रजी, शहरातला क्लास आणि एक-दीड वर्ष कमाईविना थांबण्याची घरची ताकद. सीडीएसचा अर्ज, लेखी परीक्षा, एसएसबी, वैद्यकीय तपासणी आणि अंतिम यादी यांत बरेच महिने जातात. कोरडवाहू चार एकरवाल्या घरात मुलगा एवढे थांबला तर त्याला ‘रिकामा’ म्हणतात. ज्याच्या घरी घोडा आहे तो शिलेदार होतो, बाकीचे भरतीच्या रांगेत उभे राहतात. गुणवत्तेची चाळणी त्यानंतर लागते.

महाराष्ट्राने घोडे दिलेच नाहीत, असे नाही. डॉ. मुंजे यांनी १९३७ मध्ये नाशिकला भोंसला मिलिटरी स्कूल काढले. देशातली पहिली सैनिकी शाळा १९६१ मध्ये साताऱ्याला निघाली. १९७७ मध्ये राज्य सरकारने औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था सुरू केली ती मराठी मुले एनडीएत जावीत म्हणूनच. पण या साऱ्या वाटा दहावी-बारावीपूर्वीच्या आहेत. चौदाव्या वर्षी जे घर जागे असते त्याच्या मुलाला त्या सापडतात. विसाव्या वर्षी तालुक्याच्या कॉलेजात जाग आलेल्या मुलासाठी नाशिक रोडचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे एसएसबीची तयारी मोफत करून घेतली जाते, मात्र त्यासाठी आधी लेखी परीक्षेत उत्तीर्ण व्हावे लागते किंवा एनसीसीचे ‘सी’ प्रमाणपत्र लागते. त्या आधीचा टप्पा मुलाने स्वतःच्या पायांनी चालायचा आहे, आणि तिथेच बहुतेक गळतात.

गळतात ते अज्ञानानेही. चेन्नईच्या अकॅडमीसाठी सीडीएसमध्ये गणिताची प्रश्नपत्रिका नसते, फक्त इंग्रजी आणि सामान्य ज्ञान. म्हणजे मराठी किंवा इतिहास घेऊन बी.ए. करणाऱ्यालाही दार उघडे आहे. परीक्षेचे शुल्क दोनशे रुपये आहे, मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींना तेही माफ. एनसीसीचे ‘सी’ प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत असेल आणि पदवीला पन्नास टक्के असतील, तर लेखी परीक्षेविना थेट एसएसबीला जाता येते. कॉलेजच्या सूचनाफलकावर यातले काय लागते?

चेन्नईच्या याच अकॅडमीतून सप्टेंबर २०१७ मध्ये स्वाती महाडिक लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या. त्यांचे पती कर्नल संतोष महाडिक साताऱ्याच्या पोगरवाडीचे, सैनिक स्कूलचे विद्यार्थी. नोव्हेंबर २०१५ मध्ये ते कुपवाड्यात धारातीर्थी पडले. दोन मुलांच्या आईला तिशी ओलांडल्यावर वयाच्या अटीत सवलत मिळाली, एसएसबी आणि प्रशिक्षण मात्र इतरांसारखेच पार पाडावे लागले. त्यांचे धैर्य मोठे आहेच. पण दार कुठे आहे आणि कसे उघडते हे त्या घराला माहीत होते, हेही तेवढेच खरे. शौर्य गावोगाव आहे, माहिती मोजक्या घरांत आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो फेटाळण्यासारखा नाही. ‘सगळे अधिकारी कसे होतील? एसएसबीतून तर बहुतेक परत येतात. तेवढ्यात भरतीचे वय निघून गेले तर?’ उत्तर असे, की दोन्ही वाटा एकमेकींना कापतात, पण पूर्ण अडवत नाहीत. अठराव्या वर्षी अग्निवीर झालेला मुलगा बाविशीत बाहेर येतो. इग्नूने अग्निवीरांसाठी आखलेल्या पदवी अभ्यासक्रमात निम्मे श्रेयांक सेवेतल्या प्रशिक्षणाचे धरले जातात. म्हणजे चार वर्षांची कमाई, गणवेशाचा अनुभव आणि पदवी घेऊन तो सीडीएसला बसू शकतो, आणि त्याच्या हाताशी दोन-तीन वर्षे उरलेली असतात. इस्रायलमध्ये अधिकारी आधी साधा सैनिक असतो आणि त्या सैनिकांतूनच निवडला जातो. आपल्याकडचा बाविशीतला माजी अग्निवीर हा तसाच कच्चा माल आहे. राज्याने त्याला सुरक्षारक्षकाची नोकरी देऊन सोडून द्यावे, की अधिकाऱ्याच्या परीक्षेला बसवावे, हा धोरणाचा प्रश्न आहे आणि त्याची वेळ आली आहे. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे संपतच आली आहेत.

म्हणून मागणी साधी आहे. कोल्हापूर, सातारा, सांगली, बीड, बुलढाणा अशा जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत पहिल्याच वर्षी दोन्ही वाटा वयाच्या गणितासह समजावून सांगाव्यात. सीडीएसच्या लेखी परीक्षेची तयारी, विशेषतः इंग्रजीची, सरकारी खर्चाने तिथेच व्हावी, आणि छात्रपूर्व केंद्राची दारे माजी अग्निवीरांना उघडावीत. एवढे झाले तरी निम्म्याहून अधिक मुले भरतीलाच जातील, कदाचित. जाऊ द्यावीत. ज्याने दोन्ही दारे पाहिली आणि हातातले कसब आपल्याला अधिक जवळचे वाटते म्हणून शिपाईगिरी घेतली, तो कोणाहूनही कमी नाही. पलटणीला तसाच माणूस हवा असतो. वाईट एवढेच, की आज आपण ज्याला त्याची निवड म्हणतो ती बहुतेक वेळा त्याच्या जिल्ह्याची आणि त्याच्या घरच्या सातबाऱ्याची निवड असते.