शेवटचे पाच मिलिग्रॅम

नैराश्य हा आजार आहे, त्यावर औषध आहे आणि ते घेण्यात लाजण्यासारखं काही नाही, एवढी साधी गोष्ट मराठी घरांत पोचवायला डॉक्टर, कार्यकर्ते आणि लेखकांच्या दोन-तीन पिढ्या झटल्या. ते काम अजून संपलेलं नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या शंभरांपैकी पंच्याऐंशीच्या आसपास रुग्ण उपचारांविना असल्याचं दिसलं होतं. त्यामुळे गोळ्या थांबवण्याविषयी जाहीरपणे बोलायला अनेक जाणते लोक कचरतात. आधीच माणसं घाबरलेली, त्यात आणखी भर कशाला, असं त्यांना वाटतं. हा संकोच मला समजतो, पण पटत नाही. माणसं गोळ्या थांबवतातच, आणि बहुतेकदा कुणाला न सांगता, एका झटक्यात थांबवतात.

बरं वाटायला लागलं की थांबवतात. लग्न ठरलं की थांबवतात, कारण सासरी पर्समध्ये ती स्ट्रिप दिसायला नको. दिवस राहिले की घाबरून थांबवतात. गावाला गेल्यावर गोळ्या संपतात, तिथल्या मेडिकलमध्ये त्या नसतात, किंवा चिठ्ठी जुनी म्हणून दुकानदार देत नाही. आणि घरातल्याच कुणी काकू अगदी मायेनं म्हणतात, ‘किती दिवस खाणार गं त्या गोळ्या? सोडून दे आता, सवय लागेल.’

मग दोन-चार दिवसांत शरीर बोलायला लागतं. गरगरतं, मळमळतं, घाम फुटतो, रात्रभर विचित्र आणि लखलखीत स्वप्नं पडतात. क्षुल्लक कारणावरून रडू कोसळतं किंवा संताप अनावर होतो. सर्वांत चमत्कारिक म्हणजे डोक्यात क्षणभर करंट लागल्यासारखं होतं, विशेषतः नजर एका बाजूकडून दुसरीकडे नेताना. माझी एक शिक्षिका मैत्रीण त्या दिवसांत फळ्याची चौकट धरून मग वर्गाकडे वळायची. आधी डोळे मिटायची, मग मान वळवायची, मग डोळे उघडायची. मुलांना वाटलं, बाईंची मान धरली आहे. तिला स्वतःला मात्र आपल्या मेंदूत गाठ असावी अशी भीती वाटत होती, कारण गोळ्या सुरू करताना ‘या अचानक बंद करू नका’ यापलीकडे तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. का बंद करायच्या नाहीत आणि केल्या तर काय होईल, हे तिला कळायला हवं होतं.

वैद्यकशास्त्राला हे नवं नाही. इमिप्रामिन हे नैराश्यावरचं सुरुवातीचं औषध वापरात आलं आणि १९५९ मध्येच, ते थांबवल्यावर होणाऱ्या त्रासाच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. तरीही प्रोझॅकच्या पिढीतली औषधं आल्यावर हा त्रास सौम्य असतो आणि साधारण आठवड्याभरात आपोआप जातो, हेच सांगितलं जात राहिलं. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही तसंच लिहिलेलं होतं. तिथल्या रुग्णांनी वर्षानुवर्षं आपले अनुभव मांडले, मानसोपचारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१९ मध्ये आपली भूमिका बदलली आणि त्याच वर्षी ‘नाइस’नेही मजकूर सुधारला: काहींना त्रास थोडाच होतो, पण काहींना तो तीव्र असतो आणि महिनोन्‌महिने रेंगाळू शकतो.

किती जणांना होतो, यावर वाद आहे. जेम्स डेव्हिस आणि जॉन रीड यांच्या २०१९ च्या आढाव्यात हे प्रमाण निम्म्याहून अधिक निघालं. ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त २०२४ मध्ये आलेल्या जर्मन संशोधकांच्या विश्लेषणात औषध थांबवणाऱ्या ३१ टक्क्यांना लक्षणं दिसली, पण नुसती साखरगोळी थांबवणाऱ्यांपैकीही १७ टक्क्यांना दिसली. म्हणजे औषधामुळे होणारा त्रास साधारण सहा-सातांत एकाला, आणि तीव्र त्रास शंभरात तिघांना. या विश्लेषणातले अनेक अभ्यास थोडे महिने औषध घेतलेल्यांचे होते, हा आक्षेप मला रास्त वाटतो, कारण आपल्याकडे पाच-पाच, दहा-दहा वर्षं गोळी घेणारे कितीतरी आहेत. पण तीनच टक्के धरले तरी देशभरातली ती माणसं मोजायला बसलं तर आकडा लहान राहत नाही.

या त्रासामागचं कारण समजून घेण्याजोगं आहे. मेंदू औषधाच्या सोबतीनं स्वतःची घडी बसवून घेतो; सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन जास्त उपलब्ध आहे हे गृहीत धरून काम करू लागतो. औषध गेलं की ती घडी पुन्हा बसायला वेळ लागतो. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन शरीरातून लवकर निघून जातात, म्हणून एखादा डोस चुकला तरी काहींना जाणवतं. फ्लुओक्सेटिन, म्हणजेच प्रोझॅक, आणि शरीरात त्यापासून तयार होणारा घटक कित्येक आठवडे रेंगाळतात, त्यामुळे त्याचा त्रास तुलनेनं कमी आणि उशिरा होतो.

खरी मेख मात्र मात्रेच्या हिशोबात आहे. मार्क होरोविट्झ हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे, लंडनमध्ये काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ स्वतः अशा गोळ्या सोडताना भयंकर त्रासातून गेले. त्यांनी डेव्हिड टेलर यांच्यासोबत २०१९ मध्ये मेंदूच्या स्कॅनमधली माहिती मांडून दाखवली. सिटालोप्रामचे २० मिलिग्रॅम मेंदूतले सेरोटोनिन परत शोषून घेणारे वाहक ८० टक्क्यांच्या आसपास अडवतात. तिप्पट, म्हणजे ६० मिलिग्रॅम घेतले तरी हा आकडा ९० च्या आतच राहतो. उलट दिशेनं पाहा: वीसवरून नऊ-दहावर आलं तर परिणाम ८० वरून ७० वर येतो, पाचच्या आसपास आलं तर ६० वर. आणि पाचवरून शून्यावर? ६० वरून थेट शून्य. कागदावर समान वाटणाऱ्या पायऱ्या प्रत्यक्षात जिन्याच्या वरच्या भागात बोटभर उंचीच्या असतात आणि शेवटची पुरुषभर. ‘आता काय, थोडीशीच तर राहिली’ म्हणून माणूस जिथे निर्धास्त होतो, तिथेच तो पडतो.

म्हणून शेवटचे टप्पे लहान लहान करत न्यावे लागतात. आपल्याकडे ते कसे करायचे? एस्सिटालोप्रामची दुकानात सहज मिळणारी लहान गोळी पाचची. हे पाच सिटालोप्रामच्या जवळपास दहांएवढे, म्हणजे ही लहान गोळीही मेंदूच्या हिशोबात मोठीच. मग स्वयंपाकघरातल्या ओट्यावर कागद पसरून, ब्लेडनं तिचे तुकडे. अर्धा नीट होतो. पाव करताना एक कपचा उडून जातो, दुसऱ्याचा चुरा होतो, आणि आज नेमकी किती पोटात गेली हे कुणालाच ठाऊक नसतं. काही जण एक दिवसाआड गोळी घेतात. तो मार्ग वाईट. लवकर उतरणाऱ्या औषधाची पातळी त्यानं रोज वरखाली होते. आणि हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या तर कापायच्या किंवा कुटायच्याच नाहीत.

घरच्यांचा घोळ यानंतर सुरू होतो. ‘बघ, गोळी सोडली आणि आजार उलटला’ असं एक म्हणतो. ‘बघ, व्यसन लागलंच होतं’ असं दुसरा. दोघंही घाई करतात. या गोळ्यांची तलफ येत नाही, मात्रा वाढवत न्यावीशी वाटत नाही. शरीराला त्यांची सवय होते, हे मात्र खरं आहे आणि ते लपवू नये. आजार उलटतो तेव्हा तो बहुधा काही आठवड्यांनी, दबकत येतो, ओळखीच्या रूपात: सकाळी उठवत नाही, कशात रस वाटत नाही. औषध सुटल्याचा त्रास बहुधा काही दिवसांतच येतो, पूर्वी कधी नव्हती अशी शारीरिक लक्षणं घेऊन, आणि आधीची मात्रा पुन्हा सुरू केल्यावर बऱ्याचदा दोन-तीन दिवसांत ओसरतो. ही सीमारेषा नेहमीच स्वच्छ नसते. म्हणून लक्षणांची तारीखवार वही ठेवावी आणि ती डॉक्टरांपुढे उघडावी. मरणाचे विचार येऊ लागले तर वहीत लिहीत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं; ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो.

थांबवणं प्रत्येकाच्या हिताचं असतंच असंही नाही. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ गोळ्या घेऊन बरं वाटत असलेल्या ४७८ जणांवर झालेल्या ‘अँटलर’ चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. गोळी चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना वर्षभरात नैराश्य पुन्हा आलं, थांबवलेल्यांपैकी ५६ टक्क्यांना. ज्यांना वारंवार, जीवघेणं नैराश्य येऊन गेलं आहे, त्यांनी गोळी आयुष्यभर घेतली तर त्यात हार कसली? पण त्याच आकड्याची दुसरी बाजूही पाहावी: थांबवलेल्या शंभरांपैकी ४४ जण वर्षभर ठीक राहिले. त्यांनाही नीट उतरण्याचा रस्ता मिळायला हवा.

तो रस्ता पहिल्या भेटीतच दाखवायचा असतो. गोळी साधारण किती काळ, थांबवायचा विचार कधी, आणि तो कोणत्या मात्रांनी, हे सुरुवातीलाच बोललं गेलं तर रुग्ण पुढे लपूनछपून काही करत नाही. नेदरलँड्समध्ये दररोज किंचित कमी होत जाणाऱ्या मात्रांच्या पुड्यांची पट्टी मिळते. ब्रिटनमध्ये यातली काही औषधं पातळ स्वरूपात लिहून देता येतात. थेंब मोजणं ब्लेडपेक्षा कितीतरी सोपं. जगाला स्वस्त औषधं पुरवणाऱ्या आपल्या कंपन्यांना एक मिलिग्रॅमची गोळी करणं जड नाही. तिला आज मागणी नाही, कारण ती चिठ्ठीवर कुणी लिहीत नाही. पुढच्या वेळी डॉक्टर ‘आता बंद करू’ म्हणाले, की पाचच्या खालच्या मात्रा कोणत्या, किती आठवडे आणि कुठे मिळतील, हे त्यांच्याकडूनच कागदावर लिहून घ्यावं.