बाप्तिस्म्यानंतरची बावीस वर्षे

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, हे वाचकांस ठाऊक असतेच. परंतु १९१७ साली त्यांनी मिशनचे वेतन सोडून 'देवाचा दरबार' आरंभिला, हे कितीकांच्या ध्यानात असते? धर्मांतरास एक दिवस पुरला. पगाराचा आधार सुटावयास बावीस वर्षे लागली! ख्रिस्तभक्ताची श्रद्धा वाढते ती अशी, जन्मभर झगडत, एकेक आधार सोडीत. पुढे त्यांस पुरती दोन वर्षेही लाभली नाहीत.

तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते, आम्हीही तेवढेच. महाडच्या बाजारात सुकट आणावयास गेलो आणि हप्त्यांवर नवा फोन घेऊन परतलो. जुना चालत होता, हे सांगणे नकोच. रात्री लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' उघडली, तोच फोनवर सवलतीचा निरोप उजळला. आम्ही पुस्तक मिटले.